काळी पेटी आणि सालीखालचे भुंगेरे : हार्ट्झमधले पाच दिवस

शुक्रवार, १९ एप्रिल २०१९

बोटावरची शाई अजून गेलेली नाही. ११ तारखेला यवतमाळला मतदान केलं आणि दोन दिवसांनी लेकीकडे, जर्मनीतल्या ग्योटिंगेनला निघालो. ती इथल्या विद्यापीठात शिकते. ईस्टरच्या सुट्टीत तिचे घरमालक आपल्या गावी, हार्ट्झ डोंगराच्या दक्षिण पायथ्याला जाणार होते. त्यांनी मलाही बोलावलं. का, ते लेकीनं गाडीत बसल्यावर सांगितलं. "बाबा, त्यांचं अकरा हेक्टर स्प्रूसचं, म्हणजे सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे, त्यात भुंगेरे लागलेत. तुम्ही बत्तीस वर्षं कृषी सहायक होता, कामगंध सापळे लावत होता, हे मी त्यांना सांगून ठेवलंय."

नोर्थहाइमला गाडी बदलून हेर्त्सबर्गला उतरलो. तिथून मालकांच्या मोटारीनं गाव. ऊन आपल्याकडच्या माघासारखं, कोवळं पण टिकून राहणारं. सगळे म्हणत होते की ईस्टरला एवढी ऊब सहसा नसते.

वळणावरून समोरचा डोंगर दिसला. हिरव्यात मोठमोठे तपकिरी पट्टे होते. मला आर्णीकडचं सागाचं जंगल आठवलं. एप्रिलात तेही असंच दिसतं, आणि पहिल्या पावसानंतर पालवतं. मी तसं बोलून गेलो. लेकीनं ते जर्मनमध्ये सांगितलं. मालकांनी गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाले, "स्प्रूसची पानगळ होत नसते. तो कायम हिरवा असतो. तपकिरी झाला म्हणजे मेला." त्यानंतर त्या पट्ट्यांकडे मला नीट बघवेना. डोंगरच्या डोंगर उभ्यानं वाळला होता.

संध्याकाळी कॉफीवर त्यांनी सगळं सांगितलं. १८ जानेवारी २०१८ ला 'फ्रीडेरीके' नावाचं वादळ आलं आणि हजारो झाडं मोडून पडली. पडलेल्या झाडात राळेचा जोर नसतो, त्यामुळे भुंगेऱ्यांना आयतं घर मिळालं. त्यावर त्याच वर्षीचा उन्हाळा कोरडा आणि तापलेला गेला. स्प्रूसची मुळं उथळ; पाणी खाली गेलं की हे झाड लगेच तहानतं. उभ्या झाडाचं एकच हत्यार असतं, राळ. भुंगेऱ्यानं साल पोखरली की झाड आतून राळ सोडून त्याला बुडवून मारतं. पाणीच नसेल तर राळ कुठून येणार?

शनिवार, २० एप्रिल

सकाळी सापळे बघायला निघालो. मी वहीपेन घेतलं तशी लेक हसली. पण मालकांच्या खिशातही वही होतीच. प्रत्येक सापळ्याचं एक पान.

सापळा म्हणजे दोन खांबांच्या मध्ये टांगलेली प्लॅस्टिकची काळी, चपटी पेटी. रुंदी हातभर असेल. दोन्ही अंगांना आडव्या फटी. आत मधोमध औषधाची पुडी लटकते आणि तळाला ओढून काढायचा खण. वासावर आलेला भुंगेरा पेटीवर आदळतो, फटीतून आत घसरतो आणि गुळगुळीत उतारावरून थेट खणात पडतो. तिथून त्याला वर चढता येत नाही. रंग काळा, कारण उडत्या भुंगेऱ्याला उभी काळी आकृती झाडाच्या खोडासारखी दिसते. आमचा नरसाळे सापळा पिवळा-हिरवा आणि तळाला पिशवीचा. पण घडण एकाच डोक्यातली.

पुडीजवळ नाक नेलं. मला तर राळेच्या वासापलीकडे काही कळलं नाही.

फरक कळला तो पुढे. आमच्या कपाशीत मादी पतंगाचा वास लावतात. त्या वासाला फक्त नर येतात, म्हणून नाव कामगंध. हजार नर सापडले तरी उरलेला एक नर कितीतरी माद्यांना पुरतो. म्हणूनच आम्ही शेतकऱ्याला सांगत आलो की सापळ्यानं बोंडअळी संपत नाही, ती आली की नाही एवढं कळतं. इथे वास सोडतो तो नर. तो आधी झाड निवडतो, सालीत भोक पाडून आत एक खोली कोरतो आणि मग हाक देतो. त्या हाकेला नर येतात, माद्याही येतात, आणि माद्याच जास्त. हा लग्नाचा वास नाही, जमाव गोळा करण्याचा वास आहे. एकट्यादुकट्याला राळ बुडवते. शेकडो एकदम तुटून पडले की झाडाची राळ संपते. म्हणजे ही हाक नसेल तर निरोगी झाड पडतच नाही.

आणि हाकेचा माल येतो कुठून? पुडीत मुख्यतः दोन द्रव्यं असतात : मिथाइल ब्युटेनॉल आणि सिस-व्हर्बेनॉल. यातलं दुसरं भुंगेरा झाडाच्या राळेतल्या आल्फा-पायनीनपासून बनवतो. झाड ज्या विषानं त्याला मारू बघतं, त्याच विषाची तो दवंडी करतो. लेकीनं हे वाक्य भाषांतर करून सांगितलं तेव्हा मी दोन मिनिटं काही बोललो नाही. बत्तीस वर्षं किडींमागे हिंडलो, पण असं ऐकलं नव्हतं.

झाड भरलं की वास बदलतो. मग व्हर्बेनोन वाढतं आणि नवे येणारे बाजूच्या झाडाकडे वळतात. एसटीचा वाहक दारातून ओरडतो ना, "जागा नाही, मागची गाडी पकडा", तसंच. एक झाड वाळायला लागलं की शेजारची ओळीनं वाळतात, ती यामुळे.

मालकांनी खण काढला. आत काळपट-तपकिरी दाणे, मोहरीपेक्षा लांबट, काही वळवळणारे. लांबी ४ ते ५.५ मिलिमीटर. भिंगातून बघितलं तर मागचा भाग तिरपा कापल्यासारखा आणि त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चार-चार दात. इथले लोक त्याला 'आठ दातांचा' म्हणतातच, पण बोलण्यातलं नाव 'बुखड्रुकर', म्हणजे पुस्तक छापणारा. असं का म्हणतात, ते उद्या दाखवतो म्हणाले.

एकेक मोजत बसायचं नसतं. काचेच्या मापात ओतायचे. एका मिलिलिटरला सुमारे ४०. पहिल्या सापळ्याचे ६२ मिलिलिटर भरले, म्हणजे अडीच हजारांच्या घरात, आणि खण रिकामा केल्याला पाचच दिवस झाले होते. आठवड्याला एका सापळ्यात ३००० च्या वर गेले की आसपासच्या झाडांना धोका, हे ते धरून चालतात. मग वहीत तारीख, आकडा आणि दुपारचं तापमान. १६.५ अंशांच्या खाली हा भुंगेरा उडतच नाही, त्यामुळे तापमान लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आमच्या नोंदवहीत हा रकाना नव्हता. असायला हवा होता.

दुसऱ्या सापळ्याच्या खणात दोन वेगळे किडे निघाले. डोकं काळं, छाती लाल, पाठीवर पांढरे आडवे पट्टे, आणि मुंगीसारखी लगबग. हा भुंगेऱ्यांना खाणारा. त्यालाही तोच वास कळतो. जिथे जमाव तिथे शिकार. बिचारा वासावर येतो आणि शत्रूंबरोबर खणात अडकतो. मालकांनी दोघांना बोटावर घेऊन ओंडक्यावर सोडलं. आपल्याकडे फवारणीत ढालकिडा आणि क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात ते कुणी मोजत नाही, मी स्वतःही कधी मोजले नाहीत.

या पेट्या झाडांना टांगत नाहीत, उघड्यावर खांबांना टांगतात. जवळच्या निरोगी स्प्रूसपासून दहा-पंधरा मीटर तरी लांब. वासावर आलेले सगळेच फटीत शिरत नाहीत. बरेचसे आजूबाजूला उतरतात आणि तिथे उभं झाड असेल तर त्यालाच लागतात. मागच्या वर्षी मालकांनी एक पेटी कडेपासून सहा मीटरवर लावली होती. त्यांनी ती जागा दाखवली. अर्धवर्तुळात नऊ बुंधे कापलेले. "ही मी बोलावून घातलेली," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी विचारलं, मग भरपूर पेट्या लावून सगळेच का पकडत नाही? ते म्हणाले, करून झालंय. १९७० च्या दशकाच्या शेवटी नॉर्वे आणि स्वीडनमध्ये मोठी साथ होती. एकट्या नॉर्वेत १९७९ साली सुमारे सहा लाख सापळे लागले. अब्जावधी भुंगेरे सापडले. पुढे साथ ओसरलीही. पण ती सापळ्यांनी ओसरली की हवामान बदललं म्हणून, यावर जाणत्यांचं एकमत झालं नाही. एक मादी तीस-साठ अंडी घालते आणि गरम वर्षात दोन-तीन पिढ्या निघतात. कितीही मोठं माप घेतलं तरी ते पुरायचं नाही.

रात्री गावात ईस्टरचा जाळ असतो, स्प्रूसच्या फांद्या रचून. आपली होळीच. यंदा रान कोरडं म्हणून या गावानं तो रद्द केला. पोरं रिकाम्या मैदानाभोवती फिरून घरी गेली.

रविवार, २१ एप्रिल

ईस्टर. चर्चच्या घंटा झाल्या, न्याहारीला रंगवलेली अंडी झाली आणि दहा वाजता मालक बूट चढवून दारात उभे. सणाच्या दिवशी काम नको म्हणून त्यांच्या घरातून कुरकुर झाली. ते म्हणाले, तापमान २० च्या वर आहे, किडा सुट्टी घेत नाही.

आज ओंडके बघायचे होते. फेब्रुवारीत त्यांनी दोन निरोगी झाडं कापून उन्हाच्या कडेला आडवी टाकली होती. ही आमिषाची झाडं. पेटी नव्हती तेव्हाची जुनी पद्धत. ताज्या कापलेल्या लाकडाचा वासच भुंगेऱ्याला खेचतो. आत अंडी घातली गेली, अळ्या पांढऱ्या असेपर्यंत साल सोलून टाकली, की पिढी संपली. सोलायला उशीर झाला तर आपण त्यांना फुकट पाळणाघर दिलं. हे ऐकताना मला मध्य प्रदेशातल्या मंडल्याचं साल नावाच्या वृक्षांचं जंगल आठवलं. नागपूरपासून फार लांब नाही. १९९७ च्या सुमारास तिथे सालाच्या खोडकिडीची मोठी साथ आली होती. तेव्हा सालाचे ओंडके ठेचून त्यांच्या रसाच्या वासावर भुंगेरे गोळा करत आणि गावकऱ्यांना नगावर पैसे मिळत. किडा वेगळा, झाड वेगळं, पण युक्ती हीच.

मालक ओंडक्याशेजारी गुडघे टेकून बसले. सालीच्या खपल्यांत तपकिरी भुकटीची लहानशी ढिगोळी होती. फिल्टर कॉफीच्या पुडीसारखी. त्यांनी वास घेतला, बोटांत चोळली आणि वहीत लिहिलं : २१ एप्रिल, भुकटी. ही नराची खोली कोरताना बाहेर पडलेली. पाऊस पडला की वाहून जाते, वारा आला की उडते, म्हणून कोरड्या शांत दिवशीच शोधायची. दोन तास आम्ही तिघं उभ्या झाडांचे बुंधे बघत फिरलो. पानं हिरवीगार, वरून काही कळायचं नाही. बुंध्यापाशी मुळांच्या बेचक्यात, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली भुकटी दिसली तर झाड गेलं. मला चार सापडली. पाचवं मी दाखवलं, ते नुसतं सालीचं कूस निघालं. लेकीनं सात शोधली. तिचे डोळे तरुण आहेत.

मग मागच्या वर्षी मेलेल्या झाडाची साल त्यांनी कोयत्यासारख्या पात्यानं उचकटली. आतली बाजू माझ्याकडे धरली. मधोमध उभी रेघ, वीतभर नाही पण जवळपास, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काटकोनात निघालेल्या बारीक रेघा, टोकाकडे रुंद होत गेलेल्या. उभी रेघ मादीची. आडव्या रेघा अळ्यांच्या; खात खात पुढे सरकताना अळी वाढते, तसा बोगदाही. छापलेल्या पानासारखं दिसतं खरं. देखणंच होतं. पण ही नक्षी झाडाच्या अन्न वाहणाऱ्या थराला चहूबाजूंनी कापते. लाकडावर निळसर डाग होते. भुंगेऱ्याच्या अंगावर बुरशी येते, तिचे. लाकूड मजबूत असतं, पण डाग दिसला की व्यापारी भाव पाडतो.

डोंगरावर एवढा स्प्रूस आला कसा, हे मी दुपारी विचारलं. खाणींमुळे. गोस्लारजवळची रामेल्सबर्गची खाण हजार वर्षांहून अधिक चालली, १९८८ ला बंद झाली. मूळचं बीच आणि ओकचं जंगल खाणींच्या आधाराला आणि कोळशाला गेलं. त्या जागी भराभर वाढणारा सरळसोट स्प्रूस लावला. वरच्या थंड भागात तो आपसूक येतो, आठशे मीटरच्या आसपास आणि वर. खाली, जिथे आम्ही उभे होतो, तिथे तो माणसानं आणलेला. भुंगेऱ्याची साथही काही आजची नाही. १७८० च्या दशकात हार्ट्झमध्ये एवढी झाडं वाळली की तिला स्वतंत्र नावच पडलं, 'वुर्मट्रोकनिस', अळीनं आलेलं वाळणं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचंड तोड झाली आणि पुन्हा स्प्रूसच लावला गेला. मालकांच्या आईनं तेव्हा मजुरीवर रोपं लावली होती. ते आज कापतायत ती तिच्या हातची झाडं.

सोमवार, २२ एप्रिल

ब्रोकेन, हार्ट्झचं सर्वांत उंच शिखर. उंची ११४१ मीटर. टोर्फहाउसहून आठेक किलोमीटर चाल, जर्मन कवी गटे ज्या वाटेनं डिसेंबर १७७७ मध्ये चढला ती. माझे गुडघे बरे राहिले.

हे राष्ट्रीय उद्यान. दोन राज्यांची दोन उद्यानं २००६ ला एक झाली. इथे भुंगेऱ्याला कुणी अडवत नाही. "निसर्गाला निसर्ग असू द्या" हे इथलं ब्रीद. फक्त हद्दीच्या आत ५०० मीटरच्या पट्ट्यात लागलेली झाडं काढायची, म्हणजे शेजाऱ्याचं नुकसान होऊ नये. मालकांना हे पटत नाही. ते वर आले नाहीत, टोर्फहाउसच्या उपाहारगृहात वाट बघत बसले.

वाटेत मेलेली राखाडी झाडं खांबांसारखी उभी. पण खाली वाकून बघितलं तर हातभर उंचीची स्प्रूसची पोरं, बर्च, आणि ज्याला इथे 'पक्ष्यांचं बोर' म्हणतात ते झाड, नुकतं पालवलेलं. वर जाणारी वाफेची गाडी शिट्टी देत गेली. शिखर १९६१ ते डिसेंबर १९८९ पर्यंत लोकांना बंद होतं, पूर्व जर्मनीची सीमा इथूनच जायची.

मला दोन्ही बाजू समजतात. ज्याचं पोट अकरा हेक्टरवर नाही, त्याला थांबता येतं. वरच्या जंगलात स्प्रूस आपल्या घरी आहे, तिथे भुंगेराही त्याच घरातला. खालची गोष्ट निराळी. तिथे झाडही आणलेलं आणि त्याची जबाबदारीही आणणाऱ्याची.

मंगळवार, २३ एप्रिल

सकाळी परत काळ्या पेट्या. तीन दिवसांचे, पहिल्या सापळ्यात ८५ मिलिलिटर. मालकांनी गुणाकार केला, वहीवर आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या. उधळण सुरू झाली.

आता या वहीचं खरं काम. भुकटी दिसली २१ तारखेला. अंड्यापासून उडत्या भुंगेऱ्यापर्यंत अशा हवेत सहा ते आठ आठवडे. म्हणजे लागलेली झाडं मेअखेर रानाबाहेर गेली पाहिजेत. गेली तर आतली पिढी झाडाबरोबर जाईल. पेटी त्यांना मारत नाही, पेटी तारीख देते.

मालकांनी अकरा झाडांवर लाल रंगाचा पट्टा मारला; डबा माझ्या हातात होता. मग फोन. लाकूड कापणारा ठेकेदार म्हणाला, जूनच्या मध्याशिवाय यंत्र मोकळं नाही. सगळ्या हार्ट्झला एकाच वेळी यंत्र हवंय. गिरण्यांची आवारं भरलीत, भाव पडलाय. दुसरा फोन, तिसरा फोन. शेवटी शेजारच्या दोघांबरोबर ठरलं : झाडं आपणच कापायची, ट्रॅक्टरनं ओढायची आणि जवळच्या स्प्रूसपासून ५०० मीटर लांब, नदीकाठच्या कुरणात रचायची. तिथे ते उडाले तरी त्यांना जवळ घर नाही. टेप घेऊन मी आणि लेकीनं कुरणाची जागा मोजली.

मोजता मोजता मी तिला आमच्या पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांबद्दल सांगत होतो. वेचणी संपली की पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवतात, जळणाला. त्या ढिगातल्या बोंडांत गुलाबी अळी झोपलेली असते. जून उजाडला की तिथूनच उठते. आम्ही सापळे वाटले, ल्यूर म्हणजे वासाच्या पुड्या वाटल्या, पण धुऱ्यावरचा ढीग हलला नाही, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही कपाशी राखून पुन्हा पीक घेणं, थांबली नाही. २०१७ ला अळी आली आणि शेतकरी घाबरून औषधं मिसळून मिसळून फवारत सुटले. त्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यातले दोघं माझ्या ओळखीचे. एकाच्या शेतात मीच सापळा लावून दिला होता. त्यात किती पतंग पडले ते बघायला मी परत गेलो नाही. माझ्याकडे तेव्हा सहा गावं होती. हे मी लेकीला आजवर सांगितलं नव्हतं. ती टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली. काही वेळानं म्हणाली, "बाबा, ५०० झाले."

दुपारची गाडी. स्टेशनवर मालकांनी विचारलं, तुमच्या कपाशीत धोक्याचा आकडा काय? मी सांगितलं : एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, सलग तीन रात्री. त्यांनी लेकीला दोनदा विचारून खात्री केली, वही काढली आणि सापळ्यांची पानं संपल्यावर येणाऱ्या कोऱ्या पानावर ते लिहून घेतलं. वर 'यवतमाळ' असं लिहायचं होतं. ते मी त्यांना देवनागरीत लिहून दिलं.